सूर्यकिरीटातील कंप

बाजारात मडके विकत घेणारी चतुर गृहिणी ते नुसते डोळ्यांनी पारखीत नाही. ती मडके एका हातावर तोलते आणि दुसऱ्या हाताने त्यावर टिचकी मारते. मडके खणखणीत वाजले, तर ते पक्के भाजलेले आहे, हे ती ओळखते. आवाज बद्द आला, तर ती ते मुकाट्याने खाली ठेवते. डोळ्यांना न दिसलेला तडा कानांना कळलेला असतो. मिरजेच्या तंबोऱ्यांची ख्याती सर्वत्र आहे. असा तंबोरा जुळविताना वादक खुंटी पिळतो, तार छेडतो आणि कान देऊन ऐकतो. तार अधिक ताणली की स्वर चढतो, सैल झाली की उतरतो. खर्जाची तार जाड असते. म्हणून तिचा स्वर खालचा लागतो. तार किती ताणलेली आहे आणि ती किती जड आहे, हे तिच्या कंपावरून जाणता येते.

कंप पावणारी वस्तू आपल्या अंतरंगाची काही ना काही माहिती सांगत असते. पृथ्वीच्या बाबतीतही हेच सत्य आहे. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञ रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. भूकंपाचे तरंग पृथ्वीच्या पोटातून कसकसे प्रवास करतात, हे त्यांनी पुढे अनेक वर्षे तपासले आणि १९०६ साली, पृथ्वीच्या मध्यभागी एक निराळा गाभा आहे, याचा पुरावा जगापुढे मांडला. पृथ्वीच्या पोटात कोणीही उतरले नव्हते. तिच्या थरथरीनेच तिचे गुपित उघड केले होते.

परंतु जी वस्तू आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे, जिला स्पर्श करणे अशक्य आहे आणि जिचा नाद मधल्या अवकाशाच्या पोकळीतून आपल्या कानांपर्यंत येऊच शकत नाही, तिच्या कंपावरून तिची माहिती मिळविता येईल काय? ही वस्तू म्हणजे आपला सूर्य. या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर माणसाने कसे मिळविले, याची कथा मोठी उद्बोधक आहे.

सूर्याचे जे तेजस्वी बिंब आपल्याला दिसते, तो त्याचा सर्वांत बाहेरचा भाग नव्हे. त्या बिंबाभोवती अत्यंत विरळ वायूचे एक विस्तीर्ण आवरण पसरलेले आहे. त्याला किरीट असे म्हणतात. किरीट म्हणजे मुकुट. या किरीटाचा प्रकाश सूर्यबिंबाच्या प्रकाशाच्या मानाने दहा लाखांत एक भाग इतका मंद असतो. भर दुपारी काजवा दिसू नये, तसा तो एरवी सूर्याच्या झगझगाटात लोपून जातो. मात्र खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी चंद्र सूर्यबिंबाला पूर्णपणे झाकून टाकतो, दिवसा अंधार पडतो आणि त्या काळ्या वर्तुळाभोवती मोत्यासारखा रुपेरी किरीट झळकू लागतो. तो सोहळा काही मिनिटांचाच असतो. ग्रहणाच्या वेळी असो वा इतर वेळी, सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहणे धोक्याचे असते, हे मात्र कधीही विसरता कामा नये.

त्या थोड्याशा मिनिटांसाठी शास्त्रज्ञ हजारो मैलांचा प्रवास करीत. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाची छाया आपल्या महाराष्ट्रावरून गेली. तेव्हा इंग्लंडचे ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्ग येथे आले होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपली उपकरणे उभारली होती. जेमतेम दोन मिनिटांच्या निरीक्षणासाठी कित्येक आठवड्यांची तयारी करावी लागे. ऐन वेळी एखादा ढग आडवा आला, तर सर्व श्रम वाया जात. पुढे १९३० साली बर्नार्ड ल्यो या फ्रेंच शास्त्रज्ञाने दुर्बिणीच्या आतच एक लहानशी चकती बसवून सूर्यबिंब झाकण्याची युक्ती काढली आणि पिरेनीज पर्वतावरील वेधशाळेतून ग्रहणाविनाच किरीटाचे दर्शन घेतले. जणू त्याने हवे तेव्हा घडविता येणारे ग्रहणच निर्माण केले!

किरीट दिसू लागला. पण त्याने शास्त्रज्ञांना एक विलक्षण कोडे घातले. १८६९ सालच्या ग्रहणात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस या अमेरिकन शास्त्रज्ञांना किरीटाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा आढळली होती. वर्णपटातील रेषांवरून पदार्थ ओळखता येतो. परंतु ही रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात पदार्थाशी जुळेना. म्हणून ती 'कोरोनियम' नावाच्या एखाद्या नव्या मूलद्रव्याची असावी, असे मानले गेले. सुमारे सत्तर वर्षांनी जर्मनीचे वाल्टर ग्रोट्रियान आणि स्वीडनचे बेंग्ट एडलेन यांनी या कोड्याचा उलगडा केला. ती हिरवी रेषा कोणत्याही अपूर्व द्रव्याची नव्हती, ती आपल्या ओळखीच्या लोखंडाचीच होती! लोखंडाच्या अणूत सव्वीस इलेक्ट्रॉन असतात. किरीटातील लोखंडाच्या अणूंनी त्यांपैकी तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले होते. अणूची अशी अवस्था होण्यास दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते.

एक कोडे सुटले, तो दुसरे त्याहून अवघड कोडे पुढे उभे राहिले. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियस आहे. शेकोटीपासून दूर जावे, तसतशी ऊब कमी होते, हा सर्वांचा अनुभव आहे. मग सूर्याच्या पृष्ठभागापासून दूर असलेला किरीट पृष्ठभागाहून शेकडो पट अधिक तप्त कसा? ही उष्णता तेथे कोण वाहून नेते? या प्रश्नाने गेल्या ऐंशीहून अधिक वर्षांत अनेक बुद्धिमंतांना झुंजविले आहे.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी किरीटाची रचना समजून घेतली पाहिजे. प्रचंड उष्णतेमुळे तेथील वायूचे अणू फुटून विद्युत्भारित कण मोकळे झालेले असतात. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेत कागदाखाली लोहचुंबक ठेवून वर लोखंडाचा कीस भुरभुरविला, म्हणजे तो कीस चुंबकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुरेख वक्र रेषांत मांडला जातो, हे तुम्ही पाहिले असेल. या रेषांना चुंबकीय बलरेषा म्हणतात. सूर्याच्या पृष्ठभागातूनही अशा बलरेषा उफाळून वर येतात आणि कमानीसारख्या वळून पुन्हा पृष्ठभागात शिरतात. प्लाझ्माचे कण या रेषांच्या दिशेने सहज धावतात, पण त्यांना ओलांडून आडवे जाणे त्यांना कठीण जाते. त्यामुळे काही बलरेषांच्या बाजूने दाट प्लाझ्मा भरतो आणि तेवढा भाग भोवतालपेक्षा अधिक उजळतो. उपग्रहांनी घेतलेल्या चित्रांत सूर्यावर तेजाच्या शेकडो कमानी उभ्या असलेल्या दिसतात. एकेका कमानीखाली कित्येक पृथ्व्या सहज मावतील!

या कमानी नुसत्या शोभेच्या नाहीत. ताणलेल्या बलरेषांचा स्वभाव तंबोऱ्याच्या तारेसारखा असतो. रेषा बाजूला ढकलली, तर ती पुन्हा आपल्या जागी येण्यासाठी ओढ घेते. तिला खिळून असलेला प्लाझ्मा तिला जडपणा देतो. ताण आणि जडपणा ही दोन्ही जेथे असतात, तेथे तरंग उठतात. ही गोष्ट १९४२ साली स्वीडनचे शास्त्रज्ञ हान्नेस आल्फव्हेन यांनी गणिताने दाखवून दिली. आरंभी अनेकांना ती कल्पना पटली नाही. परंतु अखेरीस तिचे महत्त्व जगाने मानले आणि १९७० साली आल्फव्हेन यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला.

त्याच वर्षी, म्हणजे १९७० साली, जपानचे शास्त्रज्ञ युताका उचिदा यांनी एक धाडसी विचार मांडला. भूकंपाच्या तरंगांवरून जर पृथ्वीचे अंतरंग कळते, तर किरीटातून धावणाऱ्या तरंगांवरून किरीटाचे चुंबकीय क्षेत्र का कळू नये? १९८४ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज विद्यापीठाचे बर्नार्ड रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी यांनी किरीटातील कमानी कोणकोणत्या प्रकारे कंप पावतील, याचे सविस्तर गणित मांडले. वाद्य तयार झाले, स्वरांचे कोष्टकही तयार झाले. पण ते वाद्य छेडले जाताना अजून कोणी स्पष्टपणे पाहिले नव्हते. कमान डोलताना दिसावी, इतकी स्वच्छ आणि इतकी भराभर चित्रे घेणारी दुर्बीण त्या काळी नव्हती. पृथ्वीवरचे वातावरण किरीटाचे अतिनील किरण अडवून धरते. म्हणून ती दुर्बीण वातावरणाबाहेर नेणे आवश्यक होते.

एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने 'ट्रेस' नावाचा एक उपग्रह अवकाशात सोडला. सुमारे दहा लाख अंश तापलेल्या लोखंडाच्या अणूंतून बाहेर पडणारे अतिनील किरण त्याची दुर्बीण टिपीत असे. तो उपग्रह सोडून चार महिनेही झाले नव्हते, तोच १४ जुलै १९९८ रोजी सूर्यावर तेजाचा एक मोठा स्फोट झाला. अशा स्फोटाला सौरज्वाला म्हणतात. त्या स्फोटाचा धक्का शेजारच्या कमानींना बसला आणि वाऱ्याचा झोत आल्यावर दोन खांबांमधली दोरी हेलकावे घेऊ लागावी, तशा त्या कमानी डोलू लागल्या. कमानींचे पाय पृष्ठभागात घट्ट रोवलेले होते. त्यामुळे पाय हलले नाहीत. मधला भाग मात्र एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला झुकत राहिला. 'ट्रेस'ने एकामागून एक घेतलेली चित्रे पुढे सरकवून पाहताच शास्त्रज्ञांना हे हेलकावे स्पष्ट दिसले. मार्कुस आश्वान्डेन, व्हॅलेरी नाकारियाकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली या निरीक्षणांचे वर्णन प्रसिद्ध केले.

त्या कमानींपैकी एकीची मोजमापे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. तिची लांबी सुमारे १,३०,००० किलोमीटर होती, म्हणजे तिच्यावर दहा पृथ्व्या एका ओळीत मांडता आल्या असत्या. ती आपल्या जागेपासून सुमारे २,००० किलोमीटर बाजूला झुकत होती. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत भारताची लांबी सुमारे ३,२०० किलोमीटर आहे. तिच्या निम्म्याहून अधिक अंतराचा तो एकेक झोका होता! आणि असा एक पूर्ण हेलकावा घेण्यास तिला २५६ सेकंद, म्हणजे सव्वाचार मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागत होता. तंबोऱ्याची तार एका सेकंदात शेकडो वेळा कंप पावते. सूर्याच्या या प्रचंड तारेला एका कंपासाठी चार मिनिटे लागतात.

आता थोडे गणित करून पाहा. दोन्ही टोके बांधलेली तार जेव्हा अखंड एकच झोका घेते, तेव्हा एका आंदोलनाच्या काळात तिच्यावरील तरंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येतो. कमानीची लांबी १,३०,००० किलोमीटर. जाण्यायेण्याचे अंतर त्याच्या दुप्पट, म्हणजे २,६०,००० किलोमीटर. या अंतराला २५६ सेकंदांनी भागले असता उत्तर येते, सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटर. हाच त्या कमानीवरून धावणाऱ्या तरंगाचा वेग. या वेगाने निघालेला तरंग मुंबईहून दिल्लीस सेकंदाहून किंचित अधिक वेळात पोहोचेल. पाचवी-सहावीतल्या मुलालाही करता येईल अशा गुणाकार-भागाकाराने पंधरा कोटी किलोमीटरांवरील एका अदृश्य गोष्टीचे माप हाती आले.

पण या वेगाचा उपयोग काय? तंबोऱ्याची तार आठवा. तार जितकी अधिक ताणलेली, तितका तिच्यावरील तरंग वेगवान. जितकी जड, तितका मंद. किरीटातील कमानीला ताण देते ते चुंबकीय क्षेत्र आणि जडपणा देतो तो प्लाझ्मा. तरंगाचा वेग कळला आणि कमानीच्या उजळपणावरून प्लाझ्माच्या दाटपणाचा अंदाज बांधला, की चुंबकीय क्षेत्राचे बळ गणिताने काढता येते. नाकारियाकोव्ह आणि लिऑन ऑफमन यांनी २००१ साली ते काढले. १९९८ सालच्या आणि पुढल्या वर्षी दिसलेल्या अशाच एका आंदोलनावरून कमानीतील क्षेत्राचे बळ ४ ते ३० गौसच्या दरम्यान असल्याचे त्यांना आढळले. चुंबकीय क्षेत्राचे बळ गौस या एककात मोजतात. आपल्या महाराष्ट्रात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र एका गौसच्या निम्म्याहूनही कमी असते. उत्तर एका नेमक्या आकड्याऐवजी दोन आकड्यांच्या दरम्यान देण्याचे कारण असे की, प्लाझ्माचा दाटपणा काटेकोरपणे मोजता आला नव्हता. आपल्या मोजमापात किती चूक संभवते, हे उघडपणे सांगणे हा शास्त्राचा एक मोठा गुण आहे.

हे बळ अन्य मार्गाने मोजता आले नसते काय? सूर्याच्या पृष्ठभागावर ते मोजता येते. १९०८ साली जॉर्ज हेल यांनी सूर्यावरील डागांचे चुंबकत्व वर्णपटातील रेषांवरून सिद्ध केले होते. परंतु किरीटाचा प्रकाश फार मंद असतो, तेथील क्षेत्रही दुर्बळ असते आणि प्रखर उष्णतेमुळे वर्णपटातील रेषा रुंद व अस्पष्ट होतात. त्यामुळे तेथे ही रीत सहजासहजी चालत नाही. जेथे सरळ वाट बंद होती, तेथे कमानींच्या कंपाने नवी वाट दाखविली. या नव्या विद्येला किरीटाचे कंपविज्ञान असे म्हणता येईल.

१४ जुलैच्या त्या कमानीने आणखी एक गोष्ट दाखविली. तिचे हेलकावे फार वेळ टिकले नाहीत. साडेचौदा मिनिटांत ते मूळच्या सुमारे एक-तृतीयांश उरले. तीन-चार आंदोलनांतच कमान जवळजवळ शांत झाली. हे का घडले? कमान ही खरोखरीची तार नव्हे. तिचा मध्यभाग दाट असतो आणि कडेकडे ती विरळ होत जाते. म्हणून तिच्या प्रत्येक थराची लय निरनिराळी असते. कवायतीत मुले एकत्र पाऊल टाकू लागतात. पण प्रत्येकाची चाल वेगळी असेल, तर थोड्याच वेळात पावले चुकू लागतात आणि रांगेची एकसंध हालचाल मोडते. कोणीही थांबलेला नसतो, पण रांग मात्र विस्कटलेली असते. कमानीचेही असेच होते, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. मोठा हेलकावा विरतो. परंतु त्याची शक्ती नाहीशी होत नाही. ती लहान लहान थरांच्या सूक्ष्म हालचालींत वाटली जाते आणि अखेरीस उष्णतेत बदलते.

येथे ते जुने कोडे पुन्हा आठवते. तरंग जर आपली शक्ती प्लाझ्माला देत असतील, तर किरीट तापतो तो या तरंगांमुळे तर नव्हे? मात्र एक अडचण होती. मोठ्या सौरज्वाला काही दररोज होत नाहीत. कधीमधी बसणाऱ्या धक्क्यांनी सारा किरीट अहोरात्र तप्त राहणार नाही. २०१० साली 'नासा'ने सोडलेल्या 'सौर गतिकी वेधशाळा' या उपग्रहाने दर बारा सेकंदांनी सूर्याची सूक्ष्म चित्रे घेण्यास आरंभ केला. त्या चित्रांचा अभ्यास करताना २०१२ पासून असे दिसून आले की, कोणताही स्फोट झालेला नसतानाही अनेक कमानी मंद मंद डोलत असतात. हे डोलणे सामान्यतः काही शे किलोमीटरांचे असते, पण ते लवकर विरत नाही. छेडलेली तार हळूहळू शांत होते. परंतु सारंगीच्या तारेवर गज फिरत राहिला, की तिचा स्वर अखंड टिकतो. सूर्याच्या पृष्ठभागावर उकळत्या पाण्यासारखी सतत खळबळ चालू असते. ती कमानींच्या पायांशी गजाचे काम करीत असावी, असा एक तर्क आहे. या अखंड कंपांतून किरीटाला पुरेशी उष्णता मिळते, की बलरेषा एकमेकींत गुंतून तुटताना होणाऱ्या असंख्य लहान स्फोटांचाही त्यात मोठा वाटा आहे, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. दोन्ही पक्षांचे शास्त्रज्ञ नवी निरीक्षणे पुढे ठेवून एकमेकांची मते पारखून घेत आहेत.

इतक्या दूरच्या कमानी डोलल्या काय आणि न डोलल्या काय, आपल्याला त्याचे काय, असे कोणास वाटेल. परंतु सूर्याचे चुंबकीय क्षेत्र आणि आपले जीवन यांचा संबंध फार निकटचा आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावर एक अतिप्रचंड ज्वाला भडकली. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय उपकरणांनी पृथ्वीच्या क्षेत्रात झालेली विलक्षण उलथापालथ नोंदविली. त्या नोंदी इतक्या मोलाच्या ठरल्या की, जवळजवळ दीडशे वर्षांनंतर शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता ठरविण्यासाठी त्यांचाच आधार घेतला. त्या वादळाने युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली होती. पुढे १३ मार्च १९८९ रोजी आलेल्या अशाच एका वादळाने कॅनडाच्या क्विबेक प्रांतातील विद्युत्पुरवठा बंद पडला आणि साठ लाख लोकांना सुमारे नऊ तास विजेवाचून काढावे लागले. आज तर विजेचे जाळे, विमाने, उपग्रह आणि दूरसंपर्क यांवरच जगाचे व्यवहार चालतात. अशी वादळे किरीटातील बलरेषांत साठलेल्या शक्तीतून उद्भवतात. ती शक्ती कोठे आणि किती आहे, हे जितके अचूक कळेल, तितकी वादळाची सूचना आधी मिळण्याची आशा वाढेल.

या कार्यात भारतही मागे राहिलेला नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून 'आदित्य-एल १' हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटर अंतरावरील आपल्या नियोजित कक्षेत जाऊन पोहोचले. सूर्यबिंब झाकून किरीट पाहणारी त्यावरील दुर्बीण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने घडविली, तर सूर्याची अतिनील चित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' या संस्थेने तयार केली. १८९८ साली जेऊरच्या माळावर दोन मिनिटांच्या किरीटदर्शनासाठी पुण्याच्या प्राध्यापकांनी मांडलेला खटाटोप ज्याला ठाऊक आहे, त्याला या गोष्टीचे मोल अधिक कळेल.

किरीट इतका तप्त का, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून कोणापाशीही नाही. परंतु ते शोधण्याची साधने आता माणसाच्या हाती आली आहेत. आल्फव्हेन यांनी तरंगांचे गणित मांडले, तेव्हा कमानी डोलताना कोणी पाहिल्या नव्हत्या. त्या दिसण्यास छप्पन्न वर्षे जावी लागली. तरीही मधल्या काळात उचिदा, रॉबर्ट्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते गणित पुढे नेले, म्हणूनच १९९८ साली कमान डोलली तेव्हा तिचा अर्थ लावता आला. आज वर्गात बसून तारेच्या कंपाचा साधा नियम शिकणाऱ्या मुलामुलींपैकीच कोणी उद्या या उरलेल्या प्रश्नाला हात घालील.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) किरीट एरवी का दिसत नाही?
(आ) वर्णपटातील हिरव्या रेषेचा उलगडा झाल्यावर कोणते नवे कोडे निर्माण झाले?
(इ) 'ट्रेस' उपग्रहाची दुर्बीण वातावरणाबाहेर नेणे का आवश्यक होते?

२. कारणे द्या.
(अ) कमानीचे पाय हलले नाहीत, पण मधला भाग झुकत राहिला.
(आ) चुंबकीय क्षेत्राचे बळ एका नेमक्या आकड्यात सांगता आले नाही.
(इ) कमानीचा मोठा हेलकावा थोड्याच वेळात विरला.

३. तंबोऱ्याची तार आणि किरीटातील कमान यांच्यातील दोन साम्ये व दोन भेद लिहा.

४. एका कमानीची लांबी २,००,००० किलोमीटर आहे आणि तिच्यावरील तरंगाचा वेग सेकंदाला १,००० किलोमीटर आहे. तिच्या एका पूर्ण हेलकाव्यास किती सेकंद लागतील?

५. 'मुकाट्याने खाली ठेवणे', 'हात घालणे' आणि 'वाया जाणे' यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

६. एका रिकाम्या पेटीवर दोरा ताणून बांधा. तो कमी-अधिक ताणून छेडा आणि आवाजात होणारा बदल वहीत नोंदवा.